उपरण्याखालचा आकडा

बायकांच्या खाटा सोडून ती नर्स फक्त पुरुषांचंच रक्त जास्तीचं काढत निघाली, तेव्हाच कारभारीला काहीतरी शिजतंय असं वाटलं.

राहात्याच्या त्या डायलिसिस सेंटरात महिन्यातून एकदा सगळ्यांचंच रक्त तपासायला जाई. त्याची कारभारीला आता सवय झाली होती. पण आज पुरुषांच्या वेळेला नर्सच्या ट्रेमध्ये पिवळ्या टोपणाची एक बाटली जास्त होती. बायकांच्या वेळेला ती नव्हती. कारभारी दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून बघत होता. बघणं हाच त्याचा धंदा. उभा जन्म त्यानं घोडेगावच्या बाजारात म्हशींची दलाली केली होती. म्हैस टेम्पोतून खाली उतरते तेवढ्या वेळात तिच्या मालकानं काय लपवलंय ते ओळखायचं, त्यावरच त्याचं घर उभं राहिलं होतं.

"ही जास्तीची कशाला वं ताई?" त्यानं विचारलं.

"मॅडमनी सांगितलंय, बाबा. सगळ्यांच्या सह्या घेतल्यात."

सह्या म्हटल्यावर कारभारी आणखी सावध झाला. चांगल्या कामाला कुणी आधी सही घेत नाही, असा त्याचा आजवरचा अनुभव.

कोपऱ्यातल्या खाटेवर त्याचा जावई सहादेव पडला होता. देवळाली प्रवरात सहादेवचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान. विहिरीवरच्या जळालेल्या मोटरी उघडायच्या, जुनी तार काढून नवी भरायची, हे त्याचं काम. वय अजून चाळिशीच्या आतलं. पण ब्लडप्रेशरकडं लक्ष दिलं नाही आणि दोन्ही किडन्या गेल्या. आता आठवड्यातून दोनदा त्याचं रक्त मशीनमधून धुऊन परत अंगात सोडत. कारभारीची मुलगी ज्ञानेश्वरी नवऱ्याला स्वतःची किडनी द्यायला निघाली होती. तिच्या तपासण्या सुरू झाल्या, घर आणि दुकान दोन्ही तिच्यावर आलं, म्हणून कारभारी मुलीकडं येऊन राहिला होता. जावयाला राहात्याला आणणं-नेणं त्याच्याकडं. शुक्रवारी तेवढा तो बाजाराला घोडेगावला जाई.

सहादेवच्या शेजारच्या खाटेवर याकोब गुरुजी असत. जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले, दर रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवणारे, आणि मशीन लावल्यावरही तोंड बंद न ठेवणारे.

"कारभारी, तुमी म्हशीचं दूध मोजता ना?" गुरुजी म्हणाले. "तसं ह्यांनी आमचं मोजायला काढलंय."

"काय मोजायला?"

"पुरुषपणा. हार्मोन म्हनतात त्याला. पुरुषाच्या अंगातला रस. माझा पुरेपूर भरला तर मंडळीला पेढे वाटायला लावनार हाय."

सगळा हॉल हसला. बायकांच्या खाटांवरूनही खुसखुस ऐकू आली. सहादेव हसला नाही. त्यानं तोंड भिंतीकडं केलं. कारभारीनं ते टिपलं.

थोड्या वेळानं डॉक्टर प्रार्थना साळवे आल्या. तिशीतली बाई, पायात साध्या चपला, बोलणं हळू. प्रत्येक खाटेशी उभ्या राहून त्या सहादेवपाशी आल्या आणि स्टूल ओढून बसल्या. सहादेवनं सासऱ्याकडं बघितलं.

"मामा, जरा चहा घेऊन या ना तुमी."

"आत्ता तर पिलो की."

"अजून एक घ्या."

कारभारी उठला. दाराबाहेर जाऊन काचेतून बघत राहिला. डॉक्टरीणबाई बोलत होत्या आणि सहादेव छताकडं बघत नुसती मान हलवत होता. कधी हो, कधी नाही. नाहीच जास्त.

*

सहादेवचं घर दुकानाच्या मागंच होतं. दोन खोल्या, पुढं शेड. मार्गशीर्षाची थंडी पडली होती आणि सहादेवची खाट दुकानात होती. तांब्याच्या तारेची वेटोळी, वार्निशचा वास, उघड्या पडलेल्या मोटरी, आणि त्यांच्या मधोमध खाट.

"ज्ञानू, पाव्हणं दुकानात का झोपत्यात?" रात्री जेवताना कारभारीनं विचारलं.

"घरात उकडतंय म्हनत्यात."

"थंडीत?"

"मला काय इचारता? भाकरी वाढू का अजून?"

कारभारीनं भाकरी नको म्हणून हात आडवा केला. एकेक गोष्ट त्याच्या मनात जमत चालली होती. नगरच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन व्हायचं होतं. ज्ञानेश्वरीच्या सगळ्या तपासण्या झाल्या, रक्तगट जुळला. राहिली होती ती सहादेवची हृदयाची तपासणी, आणि तिची तारीख त्यानं दोनदा मोडली. एकदा म्हणाला, कामं तुंबलीत. एकदा म्हणाला, अंगात कणकण आहे. ज्याला नवी किडनी मिळायची तो माणूस आधी उडी मारून जाईल. हा मागं का सरतोय? मशीनवरच्या माणसाचं काही खरं नसतं हे कारभारीला कळत होतं. पण कळलेलं आणि लपवलेलं यात फरक असतो.

ती तपासणी झाली की कमिटी बसणार होती. किडनी देणारीवर कुणाची जबरदस्ती नाही ना, हे ती कमिटी विचारते. तिच्यापुढं माहेरचं माणूस उभं राहावं लागतं, असं दवाखान्यातून सांगितलं होतं. माहेरचं माणूस म्हणजे कारभारी. त्यानं मान हलवायची आणि मुलीच्या अंगातला एक तुकडा कायमचा काढून द्यायचा. म्हणून त्याला आधी माल बघायचा होता. तोंडानं हे कुणाला बोलता येत नव्हतं, पण मनात हेच होतं.

शुक्रवारी तो बाजाराला गेला. दुपारी एका मालकानं काळीभोर म्हैस पुढं केली. कास अशी तट्ट भरलेली की सड बाहेर रेटलेले. गिऱ्हाईक भुललं होतं. कारभारीनं म्हशीच्या मानेवरून हात फिरवला. एका जागी कातडी थरथरली. तिथं केस चिकटलेले होते आणि खाली बारीक गाठ होती.

"कवा टोचलं?" त्यानं मालकाला विचारलं.

"काय टोचलं?"

"तेच. हार्मोनचं. पान्हा सोडायचं."

मालक दुसरीकडं बघायला लागला. गिऱ्हाइकानं हात मागं घेतला. आणि कारभारी तिथंच उभा राहिला, म्हशीच्या मानेवर हात तसाच ठेवून. हार्मोन. गुरुजी हाच शब्द बोलले होते. आज टोचायचं, आजच्या दिवस जनावर राजासारखं दिसतं, आठ दिवसांनी आटतं. तोवर मालकाचा टेम्पो गावाला पोचलेला असतो.

म्हणजे हे असं आहे तर. सहादेव आटलाय. कमिटीपुढं उभा करायला त्याला टोचून फुलवणार. एकदा पोरीची किडनी काढून घेतली की मग कोण विचारतंय.

*

दुसऱ्या दिवशी तो एकटाच राहात्याला गेला. डॉक्टर प्रार्थना दुपारी डबा खाऊन हात धूत होत्या.

"बसा ना, बाबा."

"उभाच बरा. मॅडम, त्ये हार्मोन. आमच्या बाजारात म्हशीला देत्यात. एक दिवस कास फुटाय येती, मंग म्हस आटून जाती. तसलंच हाय का हे?"

बाईंनी हात पुसले. हसल्या नाहीत.

"ते वेगळं, बाबा. ते दूध सोडवायचं. हे पुरुषाच्या अंगात आपोआप तयार होतं. दाढी-मिशी, अंगातली ताकद, रक्त वाढणं, कामात मन लागणं, सगळ्यात त्याचा वाटा असतो. किडनी गेली की पुष्कळ पुरुषांचं ते खाली जातं. मी कुणालाच काही टोचलेलं नाही. नुसतं मोजते आहे, आणि पुढं वर्षभर कोण कसा राहतो ते बघणार आहे."

"आन काय दिसतंय?"

"माझं बघणं आत्ताच सुरू झालंय. पण इतर ठिकाणी ज्यांनी बघितलं त्यांना असं दिसलं, की ज्यांचं फार कमी, ते जास्त वेळा आजारी पडतात. आणि..." त्या जरा थांबल्या. "आणि त्यांच्यात दगावणारेही जास्त."

कारभारीनं मान डोलावली. इथवर त्याला सगळं नीट समजलं.

"म्हंजी दात बघितल्यावानी. दातावरनं जनावर किती वर्सं चालंल त्ये कळतं."

"नाही, तसं नाही. ते कमी आहे म्हणून माणूस खचतो, का माणूस आतून खचलाय म्हणून ते कमी होतं, हेच अजून नीट कळलेलं नाही. शंभर माणसांचं मिळून सांगता येतं. एकट्याचा आकडा बघून त्याचं काय होणार हे सांगता येत नाही."

"भरून काढायचं औषध?"

"आहे. काहींना देतो. थोडी ताकद येते. पण त्यानं आयुष्य वाढतं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. काहींना त्रासही होतो."

"आन नवी किडनी बसल्यावर?"

"ती नीट चालली तर पुष्कळांचं आपोआप वर येतं. सगळ्यांचं नाही."

"आमच्या पाव्हण्यांचा आकडा किती हाय?"

"तो त्यांचा आहे, बाबा. त्यांनी सांगितला तर ऐका. मी नाही सांगणार."

कारभारी नमस्कार करून बाहेर पडला. बस स्टँडवर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग जाईपर्यंत तो एकाच गोष्टीचा विचार करत राहिला. एवढ्या वर्षांत त्याला असा विकणारा भेटला नव्हता. पुष्कळांचं, पण सगळ्यांचं नाही. येईल, पण सांगता येत नाही. आपल्या मालाचं कौतुक जो करत नाही त्याचा माल मेलेला असतो, एवढं त्याला कळत होतं. आणि आकडा लपवला म्हणजे तो सांगण्यासारखा नाही, हेही. एवढं मात्र बाई स्वच्छ बोलली होती: ज्यांचं कमी, त्यांच्यात दगावणारे जास्त.

घरी पोचला तेव्हा ज्ञानेश्वरी चुलीपुढं भाकरी थापत होती. पुढं दुकानात तार गुंडाळायचं यंत्र टकटक करत होतं.

"मी कमिटीपुढं येनार न्हाई," कारभारी म्हणाला.

तिनं वर बघितलं नाही. "का?"

"म्या चौकशी केली."

"कसली? दात बघितलं व्हय पाव्हण्यांचं?"

"ज्ञानू..."

"लग्नाच्या टायमाला बघितलं हुतं की. तवा म्हनला हुता, पोरगा कष्टाळू हाय, डोळं झाकून देतो."

"तवा धडधाकट हुता."

"आन आता न्हाई म्हनून काय करू? बाजारला नेऊन बांधू? माझी किडनी हाय आण्णा, तुमच्या दावनीची म्हस न्हाई."

"अगं, त्यो तुज्यापासनं काय तरी लपवतोय!" कारभारीचा आवाज चढला. "दोन बार तारीख मोडली. दुकानात झोपतो. डॉक्टरनीसंगं बोलायचं तर मला चहाला धाडतो. डोळं उघड जरा."

ज्ञानेश्वरीचा भाकरीवरचा हात थांबला.

"त्ये मला बी दिसतंय," ती हळूच म्हणाली.

तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी तिनं उलटली नाही. तेव्हा दोघांच्याही ध्यानात आलं की पुढं दुकानातली टकटक बंद पडली आहे. केव्हा बंद पडली ते कुणालाच कळलं नव्हतं.

*

सोमवारी दोघं गाडीनं राहात्याला निघाले. कोल्हारच्या पुलावर सहादेवनं काच खाली केली, बाभळेश्वरला वर केली. एवढंच.

मशीन लागलं. सहादेवच्या डाव्या हाताच्या शिरेवर ऑपरेशन करून सुया टोचायची जागा केलेली होती. तिथं बोट ठेवलं की आत घरघर लागे. "डॉक्टरांनी मला बी मोटर बसवली," असं तो पहिल्या-पहिल्यांदा सांगायचा. हल्ली सांगत नसे. पलीकडं याकोब गुरुजी तोंडावर कानटोपी ओढून झोपले होते.

"मामा," सहादेव म्हणाला, "उपरणं टाका."

थंडी वाजत असेल म्हणून कारभारीनं खांद्यावरचं उपरणं काढून त्याच्या पोटावर टाकलं. तेव्हा सहादेवनं उजव्या हातानं खालून त्याचा हात धरला.

घोडेगावच्या बाजारात जुने दलाल भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघं हातात हात देतात, वर उपरणं टाकतात आणि बोटं दाबून आकडा सांगतात. चारचौघं बघत उभे असले तरी काय ठरलं ते दोघांनाच ठाऊक. सहादेवचा बाप बैल घ्यायला यायचा, तेव्हा हा पोरगा शेजारी उभा राहून ते बघायचा. कारभारीनं त्याला पहिल्यांदा तिथंच बघितलं होतं.

सहादेवनं सासऱ्याची तीन बोटं धरली.

"एवढं तरी पायजे," तो म्हणाला. "शेकड्यात."

"आन हाय किती?"

तीनातली दोन बोटं सुटली. राहिलेलं एक बोट सहादेवनं घट्ट धरून ठेवलं.

आपल्या जनावराची खोड आपण होऊन दाखवणारा मालक त्यानं आजवर बघितला नव्हता. खोड दाखवणं सोडा, लपवायला मालक शिंगाला तेल लावतो, खुरं घासतो. मग याच्यात काय डाव आहे? त्यानं जावयाच्या तोंडाकडं बघितलं. खोटा मालक नजरेला नजर देतो, जरा जास्तच देतो. सहादेव नजर देत नव्हता.

"मला कशापायी दाखवतोस?" कारभारीनं विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्या तोंडून जावयाला अरेतुरे गेलं आणि दोघांच्याही ते ध्यानात आलं नाही.

"सौदा मोडा म्हनून."

"आं?"

"तुमी तिला न्हाई म्हनला, त्ये बरं केलं. मी बी दोनदा तारीख मोडली, पर ती माझं ऐकत न्हाई. तुमचं ऐकंल." सहादेव छताशी बोलत होता. "मामा, दीड वर्स झालं. मी तिच्या जवळ... म्हंजी नुसतं नावालाच नवरा हाय मी. मन बी हुत न्हाई. आधी वाटलं मशीनचा थकवा आसंल. आता ह्यो आकडा आला. तिची किडनी घ्यायची आन तिला परत काय द्यायचं? फसवनूकच की."

कारभारीला पहिल्यांदा जे सुचलं ते बाजारचंच होतं. विकायचं नाही असं म्हणणारा मालकच भाव चढवत असतो. त्यानं हात सोडवून घ्यायला बघितलं. सहादेवनं बोट सोडलं नाही. उलट मूठ आणखी आवळली. बाजारात अशी पकड विकणाऱ्याची नसते. घरचं जनावर दारातून जातंय हे बघणाऱ्याची असते.

"हे ज्ञानूला ठावं हाय?"

"न्हाई."

"मंग तिला काय वाटत आसंल?"

"माझा राग येत आसंल."

कारभारीला चुलीपुढं थांबलेला तिचा हात आठवला. ती रागावलेली दिसली नव्हती. त्याला ती स्वतःसारखीच दिसली होती, दारातून आत बघणारी.

"मॅडम म्हनल्या, नवी बसली की पुष्कळांचं वर येतं," तो म्हणाला.

"मला बी म्हनल्या. सगळ्यांचं न्हाई म्हनल्या."

"मला बी तेच म्हनल्या."

दोघं मशीनच्या फिरणाऱ्या चाकाकडं बघत राहिले.

"एक सांगू?" कारभारी म्हणाला. "खोटं बोलनारी आसती तर सगळ्यांचं म्हनली आसती. तिचं काय जात हुतं?"

सहादेवनं मान त्याच्याकडं वळवली.

"लांबनं टेम्पोत उभी राहून आलेली म्हस खाली उतरली की तिचं पाय लटपटत्यात. कास सुकल्याली, डोळं आत गेल्यालं. नवा दलाल तिथंच भाव पाडतो. मी तिला पानी दाखवतो, सावलीला बांधतो आन दुपारच्याला बघतो."

"आन दुपारी बी तशीच दिसली तर?"

"तर तशीच. पर दुपार व्हायच्या आदी मी सौदा मोडत न्हाई."

"जळाल्याली कॉइल पानी दाखवून सुधरत न्हाई, मामा. आन मी काय म्हस न्हाई."

"न्हाईच. म्हस उलटं बोलत न्हाई."

शेजारच्या खाटेवर कानटोपी हलली. "बोलली आसती तर तुमचा धंदा बसला आसता, कारभारी," आतून गुरुजींचा आवाज आला. "आन सहादेव, माझा आकडा तुझ्या बी खाली आलाय. मी कुनाच्या उपरण्यात हात घातला न्हाई, सरळ मंडळीला सांगितलं."

"मंग पेढ्यांचं?" कारभारीनं विचारलं.

"रागानं शिरा केला तिनं. आन त्यो बी डॉक्टरनं खाऊ नका म्हनून सांगितल्याला."

सहादेवला हसू आलं. आवाज न करता हसला, तरी मशीननं पीं केलं आणि नर्स हात हलवू नका म्हणून ओरडली. उपरण्याखाली त्याचा हात ढिला झाला होता. कारभारीनं तो लगेच सोडला नाही.

"आता ऐक," तो म्हणाला. "मला दाखवलास, तसा आकडा तिला दाखीव. सौदा माझा न्हाई. मी नुसता दलाल. घेनारनीला माल न दाखवता तूच सौदा मोडाय निघालास, ह्ये बी लबाडीच हाय."

"काय म्हनंल ती?"

"मला काय ठावं? पोरीच्या मनातलं म्या कधी वळखलंय?"

*

संध्याकाळी सहादेव आतल्या खोलीत गेला आणि कारभारी बाहेर नळापाशी दगडावर बसला. शाळेतून आलेली नात अश्विनी आत निघाली होती, तिला त्यानं कोपऱ्यावरच्या दुकानातून बिडीकाडी आणायला पाठवलं. बिडी त्यानं कधीच सोडली होती. आतून बोलणं ऐकू येत नव्हतं. भांडं पडल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काही नाही. कारभारीनं कान दिला, मग स्वतःचीच लाज वाटून नळ सोडला आणि पाय धुतले.

ज्ञानेश्वरी बाहेर आली. रडलेली नव्हती. तोंड लाल झालं होतं.

"दीड वर्स, आण्णा," ती म्हणाली. "दीड वर्स मी त्या दुकानात कोन बाई मोटर घेऊन येती त्ये बघत बसले. त्या गोजरबाईच्या मळ्यातली मोटर तीनदा जळली. मला वाटलं, एका विहिरीची मोटर तीनदा कशी जळती? मी तिच्याशी बोलनं टाकलं. गावातल्या लग्नात तिला कुकू लावलं न्हाई."

"मंग?"

"मंग काय? तिच्या मळ्यातल्या लायटीच्या डीपीचाच घोटाळा हाय म्हनं. आता गुरुवारी तिला हळदीकुकवाला बोलवाय लागंल. काय तोंडानं बोलवू?"

कारभारीनं पायावरचं पाणी झटकलं. "आन किडनी?" त्यानं विचारलं.

"आण्णा, तुमी अजून तिथंच? आकडा वर येवो न्हाई तर न येवो, मानूस तरी दारात दिसंल का न्हाई? मला त्येवढंच पायजे हुतं. बाकीचं मी त्येंच्याशी बघून घेईन." तिनं दुकानाकडं हात केला. "उठा. ती खाट धरा एका बाजूनं."

दोघांनी तारेच्या वेटोळ्यांमधून वाट काढत खाट आत नेली. दारात ती अडकली. सहादेव आतून, सुयांचा हात जपत, एका हातानं ओढायला लागला.

"सोडा तुमी. जड उचलायचं न्हाई तुमाला," ज्ञानेश्वरी त्याच्यावर खेकसली. त्यानं सोडली नाही.

*

हृदयाची तपासणी सहादेवनं त्याच आठवड्यात करून घेतली. कमिटीच्या दिवशी नगरला कारभारी धुतलेलं धोतर नेसून गेला. टेबलापलीकडं चार-पाच माणसं बसली होती. त्यांनी आधी ज्ञानेश्वरीला विचारलं, मग सहादेवला. मग सहादेवला बाहेर बसायला सांगून कारभारीला पुढं बोलावलं.

"बाबा, तुमच्या मुलीवर कुणी दबाव आणला होता का?" मधल्या साहेबांनी विचारलं.

"व्हय."

साहेबांनी चष्मा काढला.

"कुणी?"

"म्या. देऊ नको म्हनून. तिनं मानलं न्हाई."

एक बाई खाली बघून हसल्या. साहेब हसले नाहीत. "आणि आता? तुमची हरकत आहे का?"

कारभारीनं ज्ञानेश्वरीकडं बघितलं. ती त्याच्याकडं बघत नव्हती. टेबलावरच्या काचेखालचं कॅलेंडर वाचत होती. लग्न ठरलं त्या दिवशीही ती अशीच दुसरीकडं बघत बसली होती.

"शंका हाय, साहेब," कारभारी म्हणाला. "ती काय जायाची न्हाई. पर हरकत न्हाई. तसं लिहा."

सगळं आटपल्यावर शेजारच्या खोलीत एक नर्स ज्ञानेश्वरीचं रक्त काढायला ट्रे घेऊन आली. कारभारीनं मान पुढं काढून बाटल्या बघितल्या.

"ही जांभळ्या टोपनाची कशाला वं ताई?"

"आण्णा," ज्ञानेश्वरी म्हणाली, "ह्ये बाहेर एकलं बसल्यात. त्येंच्यापाशी जावा."

सहादेव व्हरांड्यात बाकावर बसला होता. सासऱ्याला बघून तो उठायला लागला, कारभारीनं त्याला हातानं बसवलं आणि शेजारी टेकला. सहादेवनं नुसता उजवा हात बाकावर मधे ठेवला, तळवा वर करून. पुढून माणसं ये-जा करत होती. एक म्हातारी लघवीची पिशवी धरून चालली होती.

कारभारीनं सवयीनं उपरणं खांद्यावरून काढलं. मग त्या उघड्या तळव्याकडं बघितलं आणि ते परत खांद्यावर टाकलं.

"ठरलं," तो तोंडानं म्हणाला.